डांबरावर बोली न लावणारे अण्णा

वडविहीर फाट्यावर मी पहिल्यांदा एसटीतून उतरले, तेव्हा शाळा मला समोर दिसत होती, पण तिच्यापर्यंत पोहोचता येत नव्हते. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते आणि इंग्रजीची शिक्षिका म्हणून माझी तिथे नेमणूक झाली होती. सटाण्याकडे जाणारा तो रस्ता. दोन्ही कडांना कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकीला एक चिकटून उभ्या होत्या आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून ट्रक, जीप, बस अशा धावत होत्या, जणू तिथे माणसे राहतच नाहीत. नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टरांनी शिकवले होते : आधी उजवीकडे पाहा, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. मी उजवीकडे पाहिले, कांदे दिसले. डावीकडे पाहिले, कांदेच दिसले.

मागून कोणीतरी विचारले, "शाळेत जायचंय का?"

पांढरा सदरा, पायजमा, टोपी. साठीच्या अलीकडचे गृहस्थ. मी हो म्हटले.

"नव्या बाई?"

"हो."

"मग एक शिकून ठेवा. इथं पाय आधी टाकायचा नाही. आधी डोकं काढायचं, मग पाय."

त्यांनी दोन ट्रॉल्यांच्या फटीतून टोपीसकट डोके बाहेर काढले, हात वर केला, एका ट्रकला थांबवले आणि मला पलीकडे नेऊन सोडले. नाव विचारायच्या आत ते परत फिरलेही होते. शाळेतल्या शिपायाने सांगितले, "ते अण्णा. कांद्याचे व्यापारी. इथला निम्मा कांदा तेच घेतात."

आदरणीय यशवंतअण्णांची आणि माझी ओळख झाली ती अशी, रस्ता ओलांडताना. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले, तर पुन्हा तो रस्ताच आठवतो आहे. आमच्या फाट्यावर आज जे तरुण आहेत त्यांना तो रस्ता ठाऊक नाही. मोकळा रस्ता पाहून तो पहिल्यापासून असाच असेल असे त्यांना वाटते. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी एवढे सांगायला हवे. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपासून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत जातो. ताडपत्री बाजूला होते, कोणी वरचा, कोणी खालचा कांदा काढून दाबून पाहतो, बोली चढते, तुटते आणि घोळका पुढे जातो. आमच्याकडे हा घोळका रस्त्यावरून सुरू होई. जो पुढे, त्याचा कांदा आधी विकला जाई आणि तो दिवस असतानाच घरी जाई. शिवाय पुढे उभे राहण्यात एक मानही होता. म्हणून प्रत्येक जण ट्रॉली डांबरावर आणून लावायचा. बाजाराच्या मागे मोठे मैदान होते, पण त्यात वेड्या बाभळी माजलेल्या होत्या आणि तिथे जाऊन मागे पडायची कोणाचीच तयारी नव्हती.

गाव रस्त्याच्या एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला. मळ्यांमधून येणारी मुले ट्रॉल्यांच्या फटीतून एकदम रस्त्यावर निघायची. गाडीवाल्याला मूल दिसायचे ते समोर आल्यावरच.

व्हायचे ते एका सकाळी झाले. आठवीतली संगीता अशीच फटीतून बाहेर आली आणि जीपची धडक बसून पडली. जीव वाचला. पाय बराच काळ प्लास्टरमध्ये राहिला. मी तिला भेटायला मळ्यात गेले, तेव्हा तिचे वडील दारातच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "बाई, पोरगी अडाणी राहिली तर चालंल. लंगडी झाली तर तिच्याकडं कोण पाहील?"

संगीता शाळेत आली नाहीच, पण तिच्यामागून मळ्यातल्या इतर मुलीही येईनाशा झाल्या. मुलगे येत राहिले. मुलींचे बाक रिकामे पडले. हजेरी घेताना मी नावे वाचायची आणि पुढच्या नावाकडे वळायची. वर्ष सरेपर्यंत रस्ता सुधारला नाही, तर या मुलींची शाळा कायमचीच संपणार होती, कारण आमच्याकडे शाळेतून काढलेली मुलगी थेट मांडवातच दिसते.

गावकऱ्यांनी अर्ज केले. अण्णा, सरपंच, आमचे मुख्याध्यापक आणि मी असे आम्ही बांधकाम खात्याच्या कार्यालयातही जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी चहा दिला आणि अशा मोठ्या रस्त्यावर गतिरोधक बसवायचा तर वरून मंजुरी लागते असे सांगितले. ती कधी मिळेल, हे वरच्यांनाच माहीत. येताना बसमध्ये अण्णा खिडकीतून आभाळाकडे पाहत होते. मग म्हणाले, "वरून यायला तो काय पाऊस आहे?"

पुढच्या सुट्टीच्या दिवशी गावाने स्वतःच गतिरोधक घातला. कल्पना अण्णांचीच होती. मुरूम, दगड, विटांचे तुकडे असे सगळे टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून त्यांनी चांगला गुडघ्याच्या निम्म्याला लागेल एवढा उंचवटा उभा केला. आम्ही सगळे कौतुकाने पाहत उभे होतो. आता गाड्या कशा धावतात ते पाहू, असे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

लिलावाच्या दिवशी पहिली भरलेली ट्रॉली त्या उंचवट्यावर चढली, आदळली आणि मागच्या फाळक्यावरून, म्हणजे ट्रॉलीच्या झडपेवरून, कांदे घरंगळले. आमच्या भागात सांडलेला कांदा वेचणाऱ्याचा असतो. त्याला कोणी अडवत नाही, ती जुनी रीत आहे. बघता बघता म्हाताऱ्या बायका ओचे धरून आणि मुले दप्तरे उघडून भर रस्त्यात धावली. दुसरी ट्रॉली आली, पुन्हा कांदे, पुन्हा झुंबड. जी मुले आजवर रस्ता नुसता ओलांडत होती, ती आता त्यावर बसून वेचत होती. एका ट्रकवाल्याने जेमतेम ब्रेक लावला आणि खाली उतरून आम्हा सर्वांना जी विशेषणे बहाल केली ती या ग्रंथात देता येणार नाहीत.

अण्णांनी टोपी काढून रस्त्यालगतच्या आपल्या खळ्याच्या, म्हणजे कांदा निवडायच्या-भरायच्या आवाराच्या, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि टिकाव घेतला. हमाल पुढे आले, तर त्यांना म्हणाले, "सरका. अक्कल माझी होती, खणणारही मीच." दुपारपर्यंत उंचवटा नाहीसा झाला होता. सरपंच थट्टेने म्हणाले, "अण्णा, पुलाचं काम कधी काढता?" अण्णाही हसले. स्वतःवर हसण्याची त्यांची ही ताकद मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

त्यानंतर काही दिवस ते खळ्याच्या ओट्यावर बसून नुसते रस्त्याकडे पाहत असत. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, "बाई, गाड्या जोरात येतात हे खरंय. पण पोरं दिसत नाहीत ती आपल्या ट्रॉल्यांमुळं. साहेबाकडं कशाला गेलो आपण? रस्ता आपणच अडवून बसलोय."

मग मैदान साफ झाले. गावाने श्रमदान केले, आमच्या मुलांनीही काटे ओढले, बाभळी गेल्या, जमीन सपाट झाली. तरी एकही ट्रॉली तिकडे वळेना. मागे जायचे कोणी? घोळका तर रस्त्यावरूनच सुरू होत होता.

तेव्हा अण्णांनी ती गोष्ट केली, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटतो. एका सकाळी लिलाव सुरू व्हायच्या आधी ते घोळक्यात उभे राहून म्हणाले, "आजपासून ज्या ट्रॉलीचं चाक डांबरावर असेल, तिच्यावर मी बोली लावणार नाही. मैदानात असेल तिच्यावर लावीन."

एक व्यापारी म्हणाला, "अण्णा, उपाशी मराल."

"मरू की. पण डांबरावर नाही मरणार."

सगळे हसले. लिलाव सुरू झाला. अण्णा घोळक्याबरोबर चालत होते, कांदा पाहत होते, पण तोंड उघडत नव्हते. बाजारातला सर्वांत मोठा घेणारा मुका झाल्यावर बोली चढणार कशी? रस्त्यावरचा कांदा मंदच जात राहिला. शेवटी घोळका मैदानात पोहोचला. तिथे दोन-तीनच ट्रॉल्या होत्या, वाट चुकल्यासारख्या. तिथे अण्णांचा आवाज फुटला, आणि असा फुटला की रस्त्यावर विकून बसलेले शेतकरी माना वळवून पाहू लागले.

पुढच्या बाजाराला मैदानात थोड्या जास्त ट्रॉल्या आल्या. पण रस्ता रिकामा झाला नाही. इतर व्यापाऱ्यांना हे अण्णांचे खूळ वाटत होते, आणि शेतकऱ्यांना वाटत होते की ओळखीच्या माणसासाठी अण्णा वाकतीलच. रोज कोणीतरी खळ्यावर येऊन विनवायचे. नात्यातला आहे, लांबून आलोय, आजच्या दिवस चालवून घ्या. अण्णा चहा पाजायचे आणि नाही म्हणायचे. मळ्यातल्या मुलींचे बाक अजून रिकामेच होते.

उन्हाळ कांदा यायला लागला होता आणि आखाजी जवळ आली होती. आमच्या या बागलाण भागात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा माहेरवाशिणींचा सण. अण्णांची थोरली बहीण, आक्का, सटाण्याच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. साठी ओलांडली तरी दर आखाजीला माहेरी येणारच. आणि दर आखाजीला अण्णा दारच्या कडुलिंबाला स्वतःच्या हाताने तिच्यासाठी झोका बांधणार. त्यांच्या पत्नी सिंधूकाकू सांगायच्या, "घरात एवढी माणसं आहेत, पण त्या दोराला हे कुणाला हात लावू देत नाहीत."

त्या वर्षी आखाजीच्या आधीच्या बाजाराला आक्का स्वतः ट्रॉलीबरोबर आल्या. शाळेला मधली सुट्टी होती, मी फाटकाशी उभी होते, म्हणून मला हे पाहता आले. त्यांची ट्रॉली डांबरावर, अगदी पुढे लागली होती. अण्णांनी आधी माणसाकरवी निरोप पाठवला, ट्रॉली मैदानात घ्या म्हणून. मग स्वतः गेले.

आक्का कांद्यांवर बसल्या होत्या. तिथूनच त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "भाऊना बाजारमा बहीण मागे उभी राही का? मी हालणार नही."

"आक्का, गाडी फक्त आत घे. पोरं येतात इथून."

"तू माले ओळखत नही का?"

"ओळखतो म्हणूनच सांगतोय."

आक्कांनी पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि तोंड फिरवले. घोळका त्यांच्या ट्रॉलीपाशी आला. ताडपत्री निघाली. कांदा लालबुंद, एकसारखा, पाहणाऱ्याची नजर ठरावी असा होता. सगळे अण्णांकडे पाहू लागले. अण्णांनी एक कांदा हातात घेतला, दाबून पाहिला, परत ठेवला आणि गप्प उभे राहिले. कोणा दुसऱ्यानेच पडत्या बोलीत तो कांदा घेतला. घोळका पुढे सरकला, अण्णाही सरकले.

आक्का एवढेच म्हणाल्या, "बरं."

त्या आखाजीला त्या आल्या नाहीत. अण्णांनी झोका बांधला होता. सण उलटला, तरी बरेच दिवस तो लिंबाला तसाच होता. सिंधूकाकू एकदा मला म्हणाल्या, "सोडा म्हटलं तर म्हणतात, राहू दे, दोर काय खातोय का."

पण ती गोष्ट बाजारभर झाली होती. अण्णांनी सख्ख्या बहिणीची ट्रॉली सोडली, असे गावोगाव सांगितले गेले. त्यानंतर खळ्यावर विनवायला कोणी आले नाही. बहिणीला नाही तर आपल्याला कुठून, हे प्रत्येकाला कळले होते. ट्रॉल्या मैदानात वळू लागल्या. माल तिकडे म्हटल्यावर बाकीचे व्यापारीही तिकडे आले. पावसाळ्याच्या आत लिलावाचा घोळका रस्त्यावर उतरायचाच थांबला आणि फाट्यावर, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, या कडेला उभे राहिले की पलीकडची कड दिसू लागली.

जूनमध्ये शाळा उघडली. सुरुवातीला एक-दोघी आल्या, मग मळ्यांतून घोळक्याने येऊ लागल्या. संगीताला तिचे वडील स्वतः घेऊन आले. रस्ता ओलांडण्याआधी ते बराच वेळ दोन्हीकडे पाहत उभे होते. ती पुढे दहावी झाली. आज ती आमच्याच गावात अंगणवाडी चालवते. किंचित लंगडत चालते, आणि तिच्याकडे पाहायला कोणी नसेल ही तिच्या वडिलांची काळजी, तिच्या दोन मुलांकडे पाहता, व्यर्थ होती.

गतिरोधकाची मंजुरीही अखेर आली, पुष्कळ नंतर, नवे शतक सुरू झाल्यावर. चांगला बसका, पांढरे पट्टे मारलेला. उद्घाटनाला नारळ अण्णांनी फोडावा असे ठरले. अण्णा म्हणाले, "माझा चांगला होता, उंच होता," आणि नारळ सरपंचांच्या हातात दिला.

अण्णांविषयी लिहिताना त्यांना निव्वळ साधुपुरुष करून ठेवले, तर त्यांनाच आवडणार नाही. ते तापट आहेत. एकदा नाही म्हटले की त्यांचे हो करून घेणे अशक्य, हे घरातल्यांनी फार सोसले आहे. आणि त्यांची थट्टा बोचरी असते. मला कॉन्व्हेंटमुळे मराठी आकडे पटकन कळत नसत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी नेहमी अडखळे. हे कळल्यापासून अण्णा मला लिलावात मुद्दाम हाक मारायचे, "बाई, ही बोली किती झाली सांगा बरं!" अख्खा घोळका माझ्याकडे वळायचा. त्या भीतीपोटी मी आकडे पाठ केले. आज मला बाजारातला कोणीही फसवू शकत नाही.

आणि याच अण्णांची आणखी एक आठवण. नाशिकला माझे वडील वारल्याचा निरोप आला, तेव्हा एसटी बंद होती. मी शाळेच्या पायरीवर बसून होते. अण्णांनी नाशिककडे निघालेला स्वतःचा मालट्रक थांबवला आणि मला केबिनमध्ये बसवले. ट्रकमध्ये बाईमाणसाने एकटे जायचे नाही म्हणून सिंधूकाकू नेसत्या लुगड्यानिशी शेजारी बसल्या. वाटभर त्यांनी माझा हात धरला होता. चालकाला अण्णांनी एकच वाक्य सांगितलेले मी ऐकले, "हळू जा, आज घाईचं काही उरलेलं नाही." त्या वाक्याने मला जितके सावरले तितके नंतर आलेल्या कोणत्याही सांत्वनाने सावरले नाही.

आता आक्कांचे राहिले.

दुसऱ्या वर्षीच्या आखाजीलाही त्या आल्या नाहीत. अण्णा त्यांच्या गावी दोनदा जाऊन आले. त्यांना पाणी मिळाले, जेवण मिळाले, शब्द मिळाला नाही. झोका दोन्ही वर्षी बांधला गेला.

तिसऱ्या उन्हाळ्यात, आखाजीच्या अगदी तोंडावर, मुख्याध्यापकांच्या कामासाठी मी बाजारात गेले होते. एक ट्रॉली फाट्यावर आली, डांबरावर न थांबता सरळ मैदानात वळली आणि रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभी राहिली. कांद्यांवर आक्का बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी दोन वेण्या घातलेली एक मुलगी. अण्णांनी त्यांना पाहिले. पण रांग सोडून ते तिकडे गेले नाहीत. एकेक ट्रॉली करत घोळका येत राहिला, ऊन चढत राहिले आणि आक्का तशाच बसून राहिल्या. अखेर घोळका त्यांच्यापाशी आला.

आक्का म्हणाल्या, "लाव बोली. बहीण शे म्हणून नको. कांदा देखीसन लाव." कांदा पाहून, बहीण पाहून नव्हे.

अण्णांनी कांदा घेतला, दाबला, उन्हात फिरवून पाहिला. अण्णा म्हणाले, "औंदा कांदा बारीक शे, आक्का."

मग आक्काच हसत सुटल्या, डोळ्यांना पदर लावून. "मेला सुधरायचा नही!" आणि त्या हसण्यात अण्णांनी बोली लावली, त्या बारीक कांद्याला साजेल तेवढीच. मग हात देऊन बहिणीला खाली उतरवले.

खाली उतरल्यावर आक्कांनी त्या मुलीला पुढे केले. "हाई मनी नात. हिले तुना गावनी शाळामा घाल. तुना आठेना रस्ता चांगला शे म्हणतस." इथला रस्ता चांगला आहे, हे त्यांच्या गावापर्यंत पोहोचले होते.

नातीचे नाव मी दुसऱ्या दिवशी हजेरीत लिहून घेतले. शाळा सुरू व्हायला अवकाश होता, पण थांबवले नाही. आखाजीला अण्णांकडे गेले, तेव्हा आक्का झोक्यावर बसल्या होत्या आणि अण्णा उभे राहून झोका देत होते.

अण्णा आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. व्यापार मुलगा पाहतो, तोही डांबरावर बोली लावत नाही. शाळा सुटायच्या वेळी अण्णा अजूनही काठी घेऊन फाट्यावर येऊन उभे राहतात. कोणी म्हटले की आता गरज नाही, तर म्हणतात, "मला आहे." आक्का ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत आणि दर आखाजीला येतात. झोक्याच्या दोराला अजून दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही.

आम्हा सर्वांचे मागणे मोठे नाही. अण्णांच्या हातांत ती गाठ मारण्याइतके बळ पुष्कळ वर्षे राहो, त्या झोक्यावर बसायला आक्का येत राहोत, सिंधूकाकू दोघांवर रागावत राहोत, आणि शाळा सुटल्यावर फाट्यावर आलेल्या प्रत्येक मुलीला पलीकडच्या कडेला ती पांढरी टोपी दिसत राहो.